वन्स मोअर पुरे!

शनिवार सकाळ. बदलापुरात लाईट गेलीये, लॅपटॉपची बॅटरी ७१ टक्के आहे, आणि बायको-पोरगी सासुरवाडीला. म्हणजे लिहायला याहून चांगला मुहूर्त नाही. विषय आज जरा भांडणाचा आहे, आधीच सांगून ठेवतो.

भांडण सुरू झालं परवा गुरुवारी, सकाळच्या लोकलमध्ये. आमच्या ऑफिसात डिसेंबरात ॲन्युअल डे असतो आणि आमचा एक बँड आहे. बँड म्हणजे काय, तर टेस्टिंगमधला ड्रमर, एचआरमधली गायिका (ही खरंच छान गाते, बाकी आम्ही सगळे तिच्या जिवावर), आणि रिदम गिटारवर अस्मादिक. यंदा गाण्यांची यादी करताना कोणीतरी म्हणालं की एक तरी गाणं आपल्या देशातल्या रॉक बँडचं घेऊया. सगळ्यांच्या तोंडून एकदम एकच नाव आलं, इंडस क्रीड. आणि त्याच्या पाठोपाठ एकच गाणं, 'प्रिटी चाइल्ड'. मी म्हटलं, इंडस क्रीडच घ्यायचं तर त्यांच्या २०१२च्या 'इव्हॉल्व्ह'मधलं 'फायरफ्लाइज' घेऊ. यावर आमचा ड्रमर, जो अंबरनाथला माझ्याच डब्यात चढतो, तो जे बोलला ते जसंच्या तसं देतो.

"अरे ते म्हातारपणचं रे. ते कोण ऐकतं? लोकांना माहितीये तेच वाजवायचं ना. वन्स मोअर नको का मिळायला?"

तेवढ्यात दिवा आलं. दिव्याला गाडीत जे होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. तोंड उघडायला सोडा, श्वास घ्यायला जागा राहिली नाही. ठाण्याला उतरताना तो एका दारातून गेला, मी दुसऱ्या, आणि ऑफिसात पोचल्यावर स्टँडअप मीटिंग. माझं उत्तर घशातच राहिलं. ते आता इथे देतोय. ड्रमरसाहेब हे पान वाचतात हे मला माहीत आहे.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास, पटकन. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, म्हणजे परदेशी बँडांची गाणी वाजवली. पण मग त्या काळात फारसं कोणी करत नव्हतं ते केलं, स्वतःची गाणी लिहिली. १९८८ला 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, १९९०ला 'द सेकंड कमिंग'. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर, झुबिन बालापोरिया किबोर्डवर. (तिनईकर नाव ऐकून आमच्या आईनं "म्हणजे आपल्यातलेच की!" असं म्हणून इंग्रजी गाण्यांना घरात परवानगी दिली होती. नावाची ताकद बघा.) १९९३ला त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं, आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये एमटीव्ही एशियाचं प्रेक्षक-पसंतीचं पारितोषिक मिळालं. १९९५ला 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम. १९९७ला बँड फुटला. बेनेगल न्यूयॉर्कला गेला, बाकीचे आपापल्या वाटांनी. २०१०ला परत एकत्र आले, बास आणि ड्रम्सवर रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी ही नवी पोरं घेतली, आणि २०१२ला 'इव्हॉल्व्ह' काढला. आठ गाणी. आधीच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी.

झाला इतिहास.

आता माझी बाजू. मी अंबरनाथचा. १९९३ला सातवीत होतो. आमच्या बिल्डिंगच्या केबलवाल्याकडे स्टार टीव्हीची जी डिश होती तिच्यावर एमटीव्ही दिसायचं (१९९४ला त्या जागी चॅनल व्ही आलं), आणि त्याच्यावर गोऱ्या लोकांच्या मधेच आपल्यासारखी दिसणारी माणसं गिटारी घेऊन उभी राहिलेली पाहून मी दूध सांडलं होतं. अक्षरशः. पण कॅसेट अंबरनाथला कुठली मिळायला. ती मिळाली उल्हासनगरला, नववीत असताना.

आमच्या वर्गात एक सिंधी मित्र होता. त्याच्या वडिलांचं कॅम्प पाचला जीन्स शिवायचं छोटं युनिट होतं. दोघं सायकलवर जाऊन कॅसेट आणली आणि त्याच्या घरी, शिलाई मशीनच्या आवाजात लावली. खाटेवर त्याचे आजोबा बसले होते. फाळणीनंतर सिंधमधून आले, कल्याण कॅम्पच्या बराकीत राहिले, त्याच कॅम्पचं १९४९ला उल्हासनगर झालेलं डोळ्यांनी बघितलेला माणूस. त्यांनी कॅसेटचं कव्हर हातात घेतलं, चष्मा वर केला, आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. इंडस. मग म्हणाले, "ये तो हमारी सिंधू है."

बस, एवढंच म्हणाले. गाणं काही त्यांना आवडलं नसावं, कारण पाच मिनिटांत उठून बाहेर गेले. पण कव्हर बराच वेळ हातातच होतं.

उल्हासनगरचा तो जगप्रसिद्ध विनोद तुम्ही ऐकला असेलच, मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आम्ही अंबरनाथवाले हा विनोद फार चवीनं सांगायचो. मोठं झाल्यावर जरा लाज वाटली. सैन्याच्या रिकाम्या बराकीत ज्यांना आणून टाकलं, ज्यांच्याकडे जमीन नव्हती, भांडवल नव्हतं, ओळख नव्हती, त्यांनी समोर जे चांगलं दिसेल ते बघून तसंच बनवायला घेतलं. दुसरं काय करणार होते? नक्कल ही शिकण्याची पहिली इयत्ता आहे. मी स्वतः प्रोग्रामिंग दुसऱ्याचा कोड कॉपी करून शिकलो, तुम्हीही तसेच शिकलात, उगाच नाही म्हणू नका. आणि रॉक मशीनही तसंच शिकलं.

मजा पुढे आहे. जोवर रॉक मशीन दुसऱ्यांची गाणी वाजवत होतं तोवर लोक म्हणायचे, "वा, अगदी ओरिजिनलसारखं!" स्वतःची गाणी केली, पण साच्यातली केली, तेव्हाही टाळ्या. आणि ज्या दिवशी त्यांनी असं काही केलं की जे कशाचंच ड्युप्लिकेट नाही, त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाण्यांचंसुद्धा नाही, त्या दिवशी आपण काय म्हणालो? "ते जुनं वाजवा ना." म्हणजे आपल्याला माल ड्युप्लिकेटच हवा होता. आधी परदेशी बँडचा, आता त्यांचाच त्यांचा.

हे "आपण" मी उगाच म्हणत नाहीये. त्यात मी पहिला.

२०१२ला हा बँड मुंबईत वाजवत असताना मी एका कार्यक्रमाला गेलो होतो. बदलापूरहून जाऊन शेवटची गाडी पकडून परत यायचं म्हणजे केवढं धाडस असतं ते लोअर परळला राहणाऱ्यांना कळणार नाही. बँडनं नवी गाणी सुरू केली. लोक ऐकत होते, म्हणजे मोबाईल बघत होते. दोन गाण्यांच्या मधे जी शांतता पडते ना, त्या शांततेत मागून एक आवाज आला, "प्रिटी चाइल्ड!" आसपासचे हसले, दोनचार जणांनी री ओढली. तो आवाज माझा होता. तेव्हा मला वाटलं मी काय भारी चाहता आहे, पार ९३ सालापासूनचा. आज आठवलं तरी कान गरम होतात. समोरचा माणूस १७ वर्षांनी काहीतरी नवं सांगायला उभा आहे आणि मी त्याला सांगतोय की तुझं नवं राहू दे, माझं लहानपण परत दे.

बरं, घरी येऊन 'इव्हॉल्व्ह' ऐकला तरी आवडला नाही. खोटं कशाला बोला. ओळखीचा एक कोपरा सापडेना. 'टॉप ऑफ द रॉक' कसं, पहिल्या मिनिटात खांद्यावर हात टाकतं. इथे तसं काहीच नाही. फाईल मोबाईलवर पडून राहिली.

मग साधारण वर्षभरानं एका पावसाळी संध्याकाळी गाडी कल्याणच्या पुढे निघाली आणि विठ्ठलवाडी ते उल्हासनगर अशी कुठेतरी मधे उभी राहिली. पुढे रुळांवर पाणी. वालधुनीच्या त्या वासात, ओल्या छत्र्यांच्या मधे, चौथी सीट (म्हणजे सीट नाहीच, अर्धी मांडी बाहेर) मिळालेली. बॅटरी होती, रेंज नव्हती. मोबाईलवर न ऐकलेली एकच गोष्ट शिल्लक होती. लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं एकही गाणं न उडवता. आणि संपल्यावर परत लावली. गाडी उभीच होती, म्हणजे रेल्वेचे आभारच मानायला हवेत.

काय आहे त्या अल्बममध्ये? मी समीक्षक नाही, जमेल तसं सांगतो. पहिली गोष्ट, ही गाणी घाईत नाहीत. 'फायरफ्लाइज' हळू उघडतं, थर चढत जातो, आणि तुम्हाला वाटतं आता कोरस येईल आणि आपण हात वर करू, तर ते तुम्हाला अजून थांबवतं. दुसरी, 'डिझॉल्व्ह'मध्ये ताल असा काही अडखळत चालतो की पायानं ठेका धरायला गेलात तर पाय चुकतो. तीनदा ऐकल्यावर कळतं की अडखळत नाहीये, आपल्यालाच मोजता येत नव्हतं. तिसरी, आवाज. नव्वदच्या दशकातल्या बेनेगलचा आवाज स्टेडियमच्या शेवटच्या रांगेशी बोलायचा. इथला आवाज समोर बसलेल्या एका माणसाशी बोलतो, आणि त्या आवाजाला माहीत आहे की समोरच्याचंही वय झालंय. गाण्यांची नावंच बघा की. 'द मनी', 'टेक इट हार्डर', 'नो डिसग्रेस', आणि शेवटी 'गुडबाय'. पंचविशीतला मुलगा बाईकवरून केस उडवत गाईल असं यात काही नाही. ही नोकऱ्या, घरं, गावं, देश बदलून आलेल्या माणसांची गाणी आहेत.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात धाडसाची वाटते. यात 'इंडियन' दिसण्याची धडपड नाही. तबल्याचा तुकडा टाका, सतार शिंपडा, म्हणजे परदेशातले लोक "हाऊ एक्झॉटिक" म्हणतील आणि इथले लोक "बघा, मुळं विसरले नाहीत" म्हणतील, हा हमखास यशाचा मसाला हाताशी होता. त्यांनी तो वापरला नाही. मिक्सिंगसाठी टिम पामरकडे गेले, पर्ल जॅमचा 'टेन' ज्यानं मिक्स केला तोच. म्हणजे पैसा आणि डोकं आवाजावर घातलं, वेषावर नाही.

हां, सगळं सोनं नाही. मधली एकदोन गाणी मला अजूनही लांबलेली वाटतात, आणि काही ठिकाणी असं वाटतं की एवढ्या वर्षांत साचलेलं सगळं एकाच डब्यात भरायची घाई झालीये. हे मान्य करायला मला काही अडचण नाही. पण "मधली दोन गाणी लांबली" हे म्हणणं वेगळं आणि "कोण ऐकतं ते" हे म्हणणं वेगळं. पहिलं म्हणायला अल्बम ऐकावा लागतो.

तर ड्रमरसाहेब, तुमचा वन्स मोअर.

हा शब्द आपण मराठी लोकांनी इतका आपला करून घेतलाय की तो इंग्रजी आहे हेच विसरलो. संगीत नाटकाच्या थेटरात एकेका पदाला वन्स मोअर मिळायचे, नाटक पहाटेपर्यंत चालायचं, हे आजोबांकडून ऐकून आपला ऊर भरून येतो. माझाही येतो. पण त्याच गोष्टीतली दुसरी बाजू बघा. १९३५ साली बालगंधर्व ४७ वर्षांचे होते. आयुष्यभर शालू नेसून रुक्मिणी, भामिनी, सिंधू केलेला माणूस प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ म्हणून उभा राहिला. पुरुष म्हणून, धोतर नेसून. दिग्दर्शक शांतारामबापू, विषय अस्पृश्यतेचा, आधीचं 'महात्मा' हे नाव सेन्सॉरमुळे बदलावं लागलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर, आपल्या सगळ्यात मोठ्या स्टारनं सत्तेचाळिशीत स्वतःचं अख्खं इंटरफेस बदललं. आणि पब्लिकनं? सिनेमा म्हणावा तसा चालला नाही. लोकांना ते शालूतलेच हवे होते. दोन वर्षांनी 'साध्वी मीराबाई'त ते परत स्त्रीवेषात दिसले, आणि पुढे उतारवयात थकलेल्या शरीरानं रंगभूमीवर उभे राहिले तेव्हाही लोक समोर जे होतं ते बघायला येत नव्हते, आठवणीतलं बघायला येत होते. आपण याला प्रेम म्हणतो. मला आता शंका यायला लागलीये.

"पण पैसे देऊन आलेल्या माणसाला ओळखीचं गाणं ऐकायचा हक्क नाही का?" आहे की. कोण नाही म्हणतं? कार्यक्रमात जुनी गाणी वाजवावीत, बँडही वाजवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच तिकिटात नवं गाणं चार मिनिटं तोंड मिटून ऐकायचं कर्तव्यही येतं. खानावळीत रोज वरणभात मागायचा हक्क आहे, पण आचाऱ्यानं एके दिवशी वेगळी भाजी केली तर न चाखता ताट सरकवणाऱ्याला आपण खवय्या म्हणत नाही.

दुसरा मुद्दा नेहमीचा. "बँडांचे म्हातारपणीचे अल्बम सहसा रद्दीच असतात, काळानं सिद्ध केलंय." सहसा असतात, बरोबर. पण का असतात हे बघितलंय का? बहुतेक बँड त्या वयात स्वतःचीच झेरॉक्स काढतात, म्हणून. जे काढत नाहीत त्यांची उदाहरणं वेगळी आहेत. क्वीन घ्या. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँड काढला, म्हणजे थोडा आपलाही म्हणायला हरकत नाही. १९९१च्या सुरुवातीला, तो मरणाच्या दारात असताना, क्वीननं 'इन्युएंडो' आणला. त्याचं शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं, आणि मधेच चक्क स्पॅनिश फ्लेमेंको गिटार, तीही वाजवायला 'येस' बँडच्या स्टीव्ह हाऊला बोलावून. त्या अवस्थेत स्टेडियमला टाळ्या वाजवायला लावणारं सोपं गाणं काढलं असतं तर कोणी नावं ठेवली असती? नसती. तरी हे केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला.

किंवा मेटालिका. 'इव्हॉल्व्ह'च्या आदल्या वर्षी, २०११ला, त्यांनी लू रीडबरोबर 'लुलू' काढला. चाहत्यांनी अशी काही धुलाई केली की विचारू नका. मलाही तो सलग ऐकवत नाही. पण लू रीड गेल्यानंतर, २०१५ला, त्याची पत्नी लॉरी अँडरसन हिनं जाहीरपणे सांगितलं की डेव्हिड बोवीला तो रीडचा सर्वोत्तम अल्बम वाटायचा. बोवीला कळत होतं की आम्हाला, यावर आपण नंतर कधी भांडू. मला त्यात एवढंच दिसतं की काही अल्बमांना कान तयार व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि आपण तो पहिल्या आठवड्यातच नाकारतो. माझ्या बाबतीत एक वर्ष आणि रुळांवरचं पाणी लागलं.

आता तुम्ही म्हणाल, एका जुन्या बँडच्या एका अल्बमसाठी एवढा आटापिटा कशाला? त्यांना काही फरक पडत नाही, तुला काही मिळत नाही.

सांगतो. माझं वय आता ४४. गेल्या मार्चमध्ये ऑफिसात मी मॅनेजरला म्हटलं की मला नव्या डेटा प्लॅटफॉर्मच्या टीममध्ये जायचंय. मी सहा महिने रात्री जागून ते शिकलोय, एक छोटं मॉड्यूल करूनही दाखवलं. तो गोड हसला. म्हणाला, "सर, तुम्ही बिलिंगचे उस्ताद आहात. बिलिंग तुमच्याइतकं कोणाला येत नाही. तुम्ही तिथेच शोभता." बिलिंग म्हणजे मी २००६ला लिहिलेला कोड. पार जुनाट झालाय, मलाच बघवत नाही, पण चालतो. वन्स मोअर! छोट्या केबिनमध्ये, टाळ्यांशिवाय, पण वन्स मोअरच तो. आणि गंमत म्हणजे ते त्यानं कौतुक म्हणून म्हटलं होतं. मी "थँक यू" म्हणून बाहेर आलो. परतीच्या गाडीत 'इव्हॉल्व्ह' लावला आणि पहिल्यांदा नीट समजलं की २०१२च्या त्या संध्याकाळी मी मागच्या रांगेतून काय ओरडलो होतो.

आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. नवी आवृत्ती काढा, पण जुन्या ग्राहकाचं काहीही तुटता कामा नये. सॉफ्टवेअरमध्ये ही अट वाजवी आहे, कारण ग्राहकाचा पगार त्याच्यावर चालतो. माणसाला ही अट लावता येत नाही. माणूस जुन्या सगळ्या बटणांसकट पुढे जायला लागला की पुढे जातच नाही, नुसता जड होतो.

आणि आपण कुठे राहतो ते तरी बघा. घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, अशी आमच्या गावाच्या नावाची सांगोवांगी गोष्ट. शिवाजी महाराजांच्या काळात इथे थकलेले घोडे सोडून ताजे घ्यायचे म्हणे. खरी-खोटी देव जाणे, पण रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे अभिमानानं सांगतात. शेजारी उल्हासनगर, जे बराकीचं शहर झालं आणि नावासकट बदललं. या पट्ट्यात अर्धी माणसं दुसरीकडून येऊन इथे नवी झालेली आहेत. दादर-परळच्या चाळीतून, कोकणातून, सिंधमधून. आमच्याच बाबांनी गिरणी बंद झाल्यावर अंबरनाथ एमआयडीसीत चाळिशीनंतर लेथ शिकली. त्यांना कोणी म्हटलं असतं, "तुम्ही मागावरच शोभता," तर आमचं काय झालं असतं? आणि त्या बाबांचा मुलगा मी, चार लोकांसमोर ओरडतो, "जुनं वाजवा!"

एक आक्षेप राहिला, तो मराठी वाचकांचा. दर वेळी येतोच, म्हणून आधीच घेतो. "मराठी पानावर इंग्रजी गाण्यांचं काय?" अहो, ज्या बँडच्या गिटारवाल्याचं नाव तिनईकर, ज्याच्या नावातली नदी ऐकून उल्हासनगरचा एक म्हातारा खाटेवर गप्प झाला, तो बँड परका आणि इंग्रजीतल्या नोकरीवर चालणारं माझं-तुमचं घर मात्र अस्सल मराठी, असं कसं चालेल? इंग्रजीत मेल लिहिता, अप्रेझल भरता, भांडणंसुद्धा इंग्रजीत करता. गाण्याच्या वेळेलाच बरी मायबोली आठवते. असो, हा विषय निघाला की मी भरकटतो.

ड्रमरसाहेब, तर प्रस्ताव असा. 'प्रिटी चाइल्ड' वाजवू. मलाही ते आवडतं, त्या गाण्याशी माझं काही वाकडं नाही, मी त्याच्यावर दूध सांडलंय. पण त्याच्या आधी 'फायरफ्लाइज' वाजवायचं, पूर्ण, मधला भाग न कापता. एचआरवाल्या बाईंना मी काल ऐकवलं, त्या म्हणाल्या की गायला अवघड आहे, पण दोन आठवडे द्या. तुमच्या वाटचा ताल मी तीन वेळा मोजलाय आणि तीन वेळा वेगळा आलाय, तेव्हा तुम्हाला घाम फुटणार हे नक्की, आणि मला वाटतं तुमचा खरा आक्षेप तोच आहे ;-) बँडनं पडायचं ठरलंच तर आपण या गाण्यावर पडू. निदान टेस्टिंगवाल्यांना कळेल की बग नवीन आहे, जुना नाही.

लाईट अजून आलेली नाही. बॅटरी १४ टक्के. सोमवारी तुम्ही अंबरनाथला चढलात की इयरफोनचा एक कान तुमचा, एक माझा. वायरवाला आणतोय, ब्लूटूथ नाही, म्हणजे पळून जाता येणार नाही. ठाणं येईपर्यंत बोलायचं नाही, एवढी एकच अट. दिव्याला तर तसंही कोणाला बोलता येत नाही.